घर आणि दुकान एका तारेवर नको

पावसाळा तोंडावर आला की लोणावळ्याच्या बाजारपेठेत कापडवाल्यांची धांदल उडते. खालच्या फळीवरचा माल वर चढतो, पश्चिमेच्या भिंतीला प्लास्टिक ठोकले जाते, कपाटात डांबरगोळ्या पडतात. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस झेलणाऱ्या गावात ही धास्ती योग्यच आहे. ओल लागलेले थान गिऱ्हाईक हातात घेत नाही. पण ज्या भिंतीतून ती ओल येते त्याच भिंतीत आपल्या विजेच्या तारा असतात, आणि त्यांच्याकडे मात्र चार महिने कोणी ढुंकून पाहत नाही. बोर्डातून चरचर ऐकू आली की आपण बटण दोनदा खालीवर करतो, दिवा लागतो, आणि गोष्ट तिथेच संपते.

या पानावर भाव, जकात, कर्ज, उधारी यांवर पुष्कळ लिहिले जाते. आज आम्ही वायरिंगवर लिहीत आहोत, कारण आमच्या मते छोट्या व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या जमाखर्चातली ही सर्वांत दुर्लक्षित बाब आहे. त्यातही आमचे म्हणणे एकच आहे. आपल्या लोकांचे घर आणि धंदा बहुधा एकाच छपराखाली असतो. खाली गाळा, वर बिऱ्हाड; पुढे शिलाईची मशीन, मागे स्वयंपाकघर. ते टाळता येत नाही. पण ती दोन्ही एकाच तारेवर असू नयेत, एवढे तरी टाळता येते.

लोणावळा, वळवण आणि शिरवता या तलावांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीला वीज करायला १९१५ साली सुरुवात झाली. ती वीज कशासाठी होती? मुंबईच्या कापड गिरण्यांसाठी. म्हणजे मावळच्या पावसावर मुंबईचे माग फिरले. पुढे मुळशीच्या धरणासाठी शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या पुढाकाराने सत्याग्रह उभा राहिला, तोही याच वीज आणि कापडाच्या नात्यातून. आज त्याच तालुक्यात कापडाच्या दुकानामागच्या खोलीत उघड्या जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली दिसते. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आता दोन दुर्घटना. दोन्ही आपल्याच धंद्यातल्या. ३ एप्रिल २०२४ रोजी, रमजान चालू असताना, औरंगाबादच्या म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या छावणी भागात तळमजल्यावरच्या शिवणकामाच्या दुकानाला पहाटे आग लागली. वरच्या मजल्यावर राहणारी एकाच कुटुंबातली सात माणसे धुराने गुदमरून गेली. १८ मे २०२५ रोजी सोलापुरात अक्कलकोट रस्त्यावरच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्याला पहाटेच आग लागली; मालकाचे कुटुंब तिथेच राहत होते, आठ जीव गेले. सोलापूरच्या वेळी पहिला संशय शॉर्टसर्किटवर गेला. छावणीच्या आगीच्या कारणाविषयी तेव्हा बरेच बोलले गेले, त्या चर्चेत आम्हाला पडायचे नाही. आम्हाला दिसते ते एवढेच की दोन्ही ठिकाणी माल खाली किंवा शेजारी होता, माणसे झोपेत होती, आणि कापड पेटते तेव्हा ज्वाळेच्या आधी धूर माणसाला गाठतो. सूत, रेयॉन, पॉलिस्टर, फोम, पुठ्ठ्याची खोकी, यांत पॉलिस्टरचा धूर किती विषारी असतो हे आपल्याला कोणी सांगायला नको, एक चिंधी जाळून पाहिलेल्या प्रत्येकाला ते ठाऊक आहे.

मावळात आपल्याकडे काय चालते ते पाहू. लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, कुठेही जा. जुन्या इमारतीत मूळ वायरिंग झाले ते चार दिवे, दोन पंखे आणि एक रेडिओ यांच्या हिशेबाने. लाकडी पट्टीवरून गेलेल्या तारा, काळी गोल बटणे, दोन पिनांचे सॉकेट. पुढे टीव्ही आला, मग फ्रिज, मग गिझर, मग मशीनला मोटार, मग इन्व्हर्टर, आता विजेवरची दुचाकी. दर वेळी मिस्त्री आला, जवळचा बोर्ड उघडला आणि तिथूनच पुढची तार ओढली. मुळाकडे कोणी गेले नाही. एका पन्ह्याच्या कापडातून एकाच सदऱ्याची बेगमी झालेली असताना त्यातूनच सहा सदरे काढायचे म्हटले तर शिंपी हात जोडेल. तार हात जोडत नाही, ती तापते.

किती तापते याचा हिशेब सोपा आहे. तारेतला करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट होत नाही, चौपट होते. रमजानच्या शेवटच्या दहा दिवसांतली एखाद्या शिलाई कारखान्याची पहाट डोळ्यांसमोर आणा. खाली चार मशीन चालू, प्रत्येकीच्या मोटारीचे चारशे वॅट धरले तर सोळाशे. एक जड इस्त्री, हजार वॅट. वर सहरीची वेळ, इंडक्शन शेगडी दोन हजार वॅट, गिझर दोन हजार वॅट, फ्रिज दोनशे. बेरीज सहा हजार आठशे. दोनशे तीस व्होल्टने भागा, तीस अँपिअरच्या आसपास येतात. आणि हे सारे ज्या तारेतून येते ती कदाचित पंधरा अँपिअरच्या हिशेबाने तीस वर्षांपूर्वी टाकलेली असते. मग फ्यूज उडतो. उडणारच, तो त्याच कामासाठी ठेवलेला आहे. ईदच्या ऑर्डरी अडल्या म्हणून कोणीतरी फ्यूजमध्ये तांब्याची जाड तार घालतो. काम सुरू होते, सगळे खूष. पण त्या क्षणापासून त्या घरातला फ्यूज फ्यूज राहिलेला नसतो. जळायचा मान आता भिंतीतल्या तारेकडे गेलेला असतो.

म्हणून पहिले काम हे, की मीटरपासूनच दोन वाटा वेगळ्या कराव्यात. दुकानाची किंवा कारखान्याची एक, घराची दुसरी. प्रत्येकीला आपला मेन स्विच आणि आपले एमसीबी. रात्री दुकान बंद करताना कुलूप लावण्याआधी दुकानाचा मेन खाली पाडता आला पाहिजे आणि वरच्या घरातला पंखा मात्र चालू राहिला पाहिजे. ज्यांच्याकडे आज हे शक्य नाही त्यांच्याकडे विचारून पाहा, उत्तर एकच येते: मेन पाडला तर वर अंधार होतो, म्हणून पाडत नाही. मग रात्रभर खाली मालाच्या ढिगात इस्त्रीची पिन सॉकेटमध्येच असते, चार्जर गरम होत असतो, आणि वर लेकरे झोपलेली असतात. हा खर्च फार नाही. ज्यांचे नवे बांधकाम चालू आहे त्यांना तर काहीच नाही, फक्त सुरुवातीला सांगायचे.

इथे एक अडचण येते ती प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पुष्कळांना वाटते की दोन वाटा केल्या की आपले घरगुती कनेक्शनवर चाललेले दुकान उघड होईल. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरणे हे २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ मध्ये अनधिकृत वापर ठरते आणि लागू दराच्या दुप्पट आकारणी होते. तेव्हा लपवून चालवण्यात बचत आहे हा हिशेबच चुकीचा आहे. घरातून लहानसा उद्योग करणाऱ्यांसाठी वीज नियामक आयोगाने आपल्या दरपत्रकांत मर्यादित सवलत ठेवलेली आहे. आपण तिच्यात बसतो का हे महावितरणच्या कार्यालयात विचारावे. बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये छापलेला असतो. तो आकडा आणि वर मांडलेली बेरीज शेजारी ठेवून पाहा. फरक मोठा असेल तर भार वाढवून घेण्याचा अर्ज करावा. मीटरपर्यंतची जबाबदारी कंपनीची, मीटरच्या पुढची आपली, हे बहुतेकांना ठाऊक नसते आणि दुर्घटना झाल्यावरच कळते.

एमसीबी आणि आरसीसीबी या दोन डब्यांत लोकांचा नेहमी घोटाळा होतो. उर्दू शाळेत आम्ही 'बर्की रौ' हा शब्द पाठ केला होता, पण ती रौ माणसाच्या अंगातून गेली तर काय होते हे तिथे कोणी शिकवले नाही. ते पुढे मिस्त्रींच्या संगतीत कळले. एमसीबी तारेला वाचवते. तारेतून प्रमाणाबाहेर करंट गेला किंवा शॉर्ट झाला की ती पडते. माणसाला ती वाचवत नाही. सहा अँपिअरची एमसीबी म्हणजे सहा हजार मिलिअँपिअर, आणि माणसाचे हृदय बिघडवायला त्याचा अगदी लहानसा अंश पुरतो. त्यासाठी आरसीसीबी. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परत आला की नाही हे ती पाहते. तीस मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे वाटेत कुठेतरी तो जमिनीत किंवा कोणाच्या अंगात जात आहे असे दिसले, की ती डोळ्याचे पाते लवण्याच्या आत वीज तोडते. रोजच्या भाषेत सांगायचे तर दुकानातून निघालेला माल आणि परतलेला हिशेब जुळला नाही की दार बंद. घरात ती असलीच पाहिजे, आणि तिची किंमत एका बऱ्या शेरवानीच्या कापडापेक्षा जास्त नाही.

आता आमच्या भागातली खास तक्रार. 'आरसीसीबी बसवली होती हो, पण पावसाळ्यात सारखी पडायची, म्हणून मिस्त्रीने काढून टाकली.' हे वाक्य आम्ही लोणावळ्यात आणि खंडाळ्यात इतक्यांदा ऐकले आहे की आता ऐकून हसूही येत नाही. ती पडते कारण ओल्या भिंतीतून, पागोळ्या लागणाऱ्या अंगणातल्या दिव्यातून, किंवा पाणी शिरलेल्या गच्चीवरच्या मोटारीच्या जोडातून करंट गळत असतो. चौकीदार ओरडतो म्हणून चौकीदाराला काढायचे, आणि चोर आत ठेवायचा. योग्य कारागीर काय करतो? एक एक सर्किट बंद करून पाहतो, कोणत्या सर्किटला ती पडते ते शोधतो, आणि बहुतेक वेळा गुन्हेगार बाहेरच्या भिंतीवरचा एखादा बोर्ड निघतो. तो बोर्ड आतल्या भिंतीवर घ्यावा किंवा पाणी न शिरणारा डबा लावावा. शक्य असेल तर बाहेरच्या दिव्यांना आणि मोटारीला वेगळी आरसीसीबी द्यावी, म्हणजे झड लागली तरी घरातला फ्रिज बंद पडणार नाही. आरसीसीबीवर परीक्षेचे बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबावे. दाबल्यावर पडली नाही तर ती निकामी आहे, बदलावी.

अर्थिंगबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त फसवणूक इथे आहे. आमच्या भागात माती थोडी आणि खाली काळा पाषाण. खड्डा चार फूट गेला की पहार वाजते. मग मजूर तिथेच थांबतो, पाइप आखूड कापतो, वर मीठ-कोळसा घालून सिमेंट फिरवतो. पावसाळ्यात आजूबाजूला चिखल असतो, मोजणी बरी येते. मार्च-एप्रिलमध्ये जमीन कोरडी पडली की तेच अर्थिंग नावापुरते उरते. उलट तारांवरच्या प्लास्टिकची, म्हणजे त्यांच्या अस्तराची, परीक्षा उन्हाळ्यात घेतली तर ती सहज पास होतात. खरी परीक्षा भिंती भिजल्यावर. म्हणून मावळापुरता आमचा नियम असा: अर्थिंग मोजायचे उन्हाळ्यात, वायरिंग मोजायचे पावसाळ्यात. अर्थिंगसाठी मोजमापाचे यंत्र असते आणि घरासाठी रोध पाच ओहमच्या आत आलेला चांगला. वायरिंगसाठी मेगर असतो. पाचशे व्होल्टवर एक मेगाओहमच्या खाली आकडा गेला तर त्या सर्किटमध्ये दोष आहे असे समजावे. कारागिराकडे ही यंत्रे नसतील तर तो तपासणी करत नाही, अंदाज करतो. पूर्वी फेज आणि अर्थ यांत शंभर वॅटचा पिवळा बल्ब लावून अर्थिंग पाहत. तो बल्ब मंद लागला की दोष कळायचा. आता तेच लोक एलईडी दिवा लावून पाहतात. एलईडीला इतका थोडा करंट लागतो की वाईटातल्या वाईट अर्थिंगवरही तो लख्ख पेटतो. त्या परीक्षेला काही अर्थ उरलेला नाही.

दोन प्रकार तर कोणत्याही परिस्थितीत करू नयेत. एक, अर्थची तार नळाला बांधणे. पूर्वी लोखंडी नळ जमिनीत जात होते, काम निभायचे. आता मध्येच कुठेतरी प्लास्टिकचा नळ जोडलेला असतो, मग ती तार जमिनीत न जाता शेजारच्या मोरीत जाते आणि तिथल्या बाईला तोटी उघडताना झटका बसतो. दुसरा, तीन पिनांच्या सॉकेटमध्ये अर्थ आणि न्यूट्रल एकमेकांना जोडून टाकणे. टेस्टर लावला तर काही दिसत नाही, गिऱ्हाईक समाधानी. पण वाटेत न्यूट्रल तुटला तर फ्रिजचा सगळा पत्रा फेज होतो. फ्रिजला, मशीनच्या लोखंडी पायाला, वॉशिंग मशीनला हात लावल्यावर मुंग्या येतात, अशी तक्रार कारागिराने केली तर पायाखाली फळी किंवा चप्पल हा उपाय नव्हे. ती मशीन त्याच क्षणी बंद करावी.

न्यूट्रलचा दुसरा खेळ मावळात वादळात होतो. घरातले दिवे एकाएकी डोळे दिपतील इतके प्रखर झाले, किंवा एका खोलीत प्रखर आणि दुसऱ्या खोलीत मिणमिणते झाले, तर बाहेर कुठेतरी न्यूट्रल निसटलेला असतो आणि दोनशे तीसच्या जागी त्याहून बरेच जास्त व्होल्ट घरात येत असतात. अशा वेळी टीव्हीची पिन शोधत बसू नये, मेन पाडावा आणि १९१२ वर कळवावे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात मावळात खांब आणि झाडे पडली, गावे अंधारात राहिली, तेव्हा ज्यांच्याकडे जनरेटर होते त्यांनी ते चालवले. चालवावेतच. पण जनरेटर मधल्या चेंजओव्हर स्विचशिवाय घराच्या सॉकेटमध्ये जोडला तर वीज उलटी बाहेरच्या तारेत जाते, ट्रान्सफॉर्मरमधून तिचे व्होल्ट वाढतात, आणि पुढच्या खांबावर पावसात चढलेल्या वायरमनचा जीव जातो. त्याला वाटत असते की लाइन बंद आहे. इन्व्हर्टरचेही थोडे असेच: मेन पाडला तरी इन्व्हर्टरवरच्या तारा जिवंत राहतात. बोर्ड उघडण्याआधी दोन्ही बंद करायचे असतात, आणि हे घरातल्या बायकांना व मोठ्या मुलांना दाखवून ठेवावे.

आता खास कापडवाल्यांसाठी. पावसाळ्यात बुरशी येऊ नये म्हणून कपाटात बल्ब पेटता ठेवण्याची आमच्याकडे जुनी चाल आहे. साठ वॅटचा तो तारेचा बल्ब हात लावू देत नाही इतका तापतो, आणि त्याच्यापासून वीतभर अंतरावर ओढण्यांची चळत असते. एक ओढणी घसरली की संपले. हवा खेळती ठेवणे, माल भिंतीपासून वीतभर दूर रचणे, आठवड्यातून एकदा उलटापालट करणे याला थोडी मेहनत पडते, पण कोणी जळत नाही. दुसरे उंदीर. गोदामात पुठ्ठा आणि चिंध्या असल्या की उंदीर असणार, आणि उंदराला तारेवरचे प्लास्टिक कुरतडायला आवडते. म्हणून मालाच्या मागून, माळ्यावरून जाणारी तार उघडी नको, पाइपातूनच हवी. बोर्डाच्या भोकांतून मुंग्या आणि पाली शिरतात, ती भोके बुजवावीत. तिसरे, लांब एक्स्टेंशन. साधे सॉकेट सहा अँपिअरचे, म्हणजे तेराशे ऐंशी वॅट. त्यावर इस्त्री चालते, पण इस्त्री, मशीन आणि पंखा मिळून चालत नाही. एक्स्टेंशनची तार गुंडाळी करून ठेवलेली असेल तर ती आतल्या आत तापते. रोज लागणारे सॉकेट भिंतीवर कायमचे बसवून घ्यावे, सोळा अँपिअरचे, स्वतंत्र तारेवर. विजेवरची दुचाकीही अशाच स्वतंत्र सॉकेटवर आणि शक्यतो मोकळ्या हवेत चार्ज करावी, जिन्याखाली कधीही नको. घरातून बाहेर पडायची वाट तीच असते.

माल घेताना मात्र आम्हाला आमच्याच बांधवांची गंमत वाटते. सुरतेच्या थानात पाव मीटर कमी आला तर फोनवर भांडणारा माणूस वायरचे बंडल न मोजता घेतो. नव्वद मीटरचे बंडल नव्वद भरते का पाहावे. आतले तांबे बारीक असते, वरचे प्लास्टिक जाड असते, हातात घेतले की जाडजूड वाटते. कमी काउंटच्या कापडाला खळ चढवून वजन आणण्याचाच तो प्रकार. आयएसआयचा शिक्का पाहावा, पक्के बिल घ्यावे. दिव्यांना दीड चौरस मिलिमीटर, सॉकेटला अडीच, गिझर आणि एसीला चार, हे प्रमाण लक्षात ठेवले तर कोणी सहसा फसवणार नाही. आणि तारेपेक्षा मोठी एमसीबी घालू देऊ नये. दीडच्या तारेवर बत्तीसची एमसीबी म्हणजे जाड फ्यूजतारेचाच नवा अवतार.

मजुरीच्या बाबतीत आमचे मत थोडे कडू वाटेल. आपण दुरुस्तीचे पैसे देतो, तपासणीचे देत नाही. मिस्त्रीने बोर्ड उघडून काही बदलले तरच तो 'काम' करून गेला असे आपल्याला वाटते. दोन तास मोजमाप करून सगळे ठीक आहे असे सांगणाऱ्याला आपण चहा पाजून वाटेला लावतो. मग तोही पुढच्या वेळी मोजत नाही. स्वतः हातकाम करणाऱ्या समाजाने दुसऱ्याच्या कसबाची ही किंमत करावी हे शोभत नाही. वायरिंगचे काम परवानाधारक कंत्राटदाराने आणि पात्र तारतंत्र्याच्या देखरेखीखाली करावे हा दंडक १९५६ च्या भारतीय वीज नियमांपासून चालत आला आहे. आज केंद्रीय वीज प्राधिकरणाचे २०२३ चे नियम लागू आहेत, त्यांचाही रोख तोच. आयटीआयमधून तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन बाहेर पडलेली आपली मुले मावळात कमी नाहीत. त्यांना वर्षातून दोनदा ठरलेल्या मजुरीवर बोलवा, आणि चाचणीचा कागद लिहून घ्या. विम्याच्या वेळी तोच कागद बोलतो.

जुन्या बाजारातल्या भाडेकरूंचा प्रश्न वेगळा. मालक म्हणतो तुम्ही वापरता, तुम्ही करा. भाडेकरू म्हणतो भिंत तुमची. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात मालकाने जागा नीट ठेवावी, न ठेवल्यास नोटीस देऊन भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च मर्यादेत भाड्यातून वळता करावा अशी तरतूद आहे खरी. पण पागडीच्या जागेचे वर्षाचे भाडेच इतके, की त्याच्या चौथ्या हिश्शात वायरचे एक बंडलही येणार नाही. तेव्हा या वादात पावसाळे घालवू नयेत. एका जिन्यावरच्या चार-पाच गाळेवाल्यांनी मिळून एकच कारागीर बोलावला तर खर्च वाटला जातो, आणि सामाईक भिंतीतला दोषही तेव्हाच सापडतो.

शेवटी कारागिरांच्या झोपण्याविषयी. पुण्याजवळ उरुळी देवाची येथे ९ मे २०१९ च्या पहाटे साड्यांच्या दुकानाला आग लागली आणि आत झोपलेले पाच कामगार गेले. दुकान बाहेरून बंद होते. आपल्याकडेही बिहार, उत्तर प्रदेश, बंगालमधून आलेली पोरे मशीनखालीच पथारी टाकतात. त्यांची व्यवस्था दुसरीकडे होईपर्यंत निदान इतके करता येईल, की रात्री कारखान्याचा मेन बंद, त्यांच्या एका पंख्याला आणि एका दिव्याला वेगळी लहान लाइन, मोबाइलचे चार्जर कापडापासून दूर भिंतीवर, आणि शटरला बाहेरून कुलूप नाही. कुलूप आतून लावावे, आणि किल्ली आत दाराशेजारी खिळ्याला अडकवलेली असावी, अंधारात हाताला लागेल अशा उंचीवर.